बोटाएवढा समुद्र

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. माझा कणा गंजला आहे. फिरवले तर मी कुरकुरतो आणि अर्ध्यावरच थांबतो. सध्या भंगाराच्या दुकानात एका मोडक्या पंख्याशेजारी पडून असतो. पण रडगाणे गायला मी तोंड उघडलेले नाही. एका घरात माझी साक्ष काढून एक चूक घडली. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. कागदाच्या लगद्याचे दोन वाडगे एकमेकांना चिकटवले, वरून पांढरा लेप दिला, की झाली पृथ्वी! आतून मी ठार पोकळ. मग खळ लावणाऱ्या बाईंनी छापील नकाशाच्या बारा लांबट पट्ट्या माझ्या अंगावर बसवल्या. शेवटची पट्टी जराशी सरकली आणि एक नदी मध्येच तुटून केसभर खाली सुरू झाली. बाई हसून म्हणाल्या, "एवढ्याशा उडीनं काही मासे मरत नाहीत."

भूगोलाच्या एका मास्तरांनी मला विकत घेतले. सकाळी ते मला कापडी पिशवीत घालून सायकलवरून शाळेत नेत आणि संध्याकाळी परत आणत. वर्गात मला उंच धरून म्हणत, "मुलांनो, ही आपली पृथ्वी!" मुले माना उंचावून बघत. अशी कितीतरी वर्षे गेली. माझ्या डोक्यात हवा गेली. तशी आत होती ती हवाच.

मास्तरांचे घर दोन खोल्यांचे. खिडकीशी टेबलावर मी आणि समोरच्या भिंतीवरच्या फळीवर देवाची मातीची मूर्ती. ती मास्तरांच्या पत्नीने माहेरून आणलेली. आळीत सगळे त्यांना काकू म्हणत. मूर्ती जेमतेम वीतभर, नाकडोळे झिजलेले. काकू रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसत आणि पुसतापुसता तिच्याशी बोलत. "काल कुठे होतास? दूध उतू गेलं. माझं लक्ष नव्हतं, निदान तू तरी हाक मारायचीस!"

मास्तर वर्तमानपत्रातून डोके काढत. "अगं, देवाला अंत नाही, पार नाही, असं तूच म्हणतेस ना? मग तो या फळीवर मावतो कसा?"

"मावत नाहीच हो. पण एवढ्या मोठ्याशी मी बोलू तरी कुठे बघून? मला तोंड लागतं समोर. म्हणून माझ्यासाठी त्यानं एवढंसं तोंड घेतलंय."

मास्तर हसत आणि मला एक टिचकी मारत. मीही ऐटीत एक गिरकी घेई.

त्यांना एकच मुलगा. ताडमाड वाढला म्हणून त्याचे नाव लंब्या पडले. लहानपणी मास्तर त्याला माझ्यासमोर बसवून तासन् तास समुद्र दाखवत. तो मोठा झाला आणि जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरी लागण्याची संधी आली, तेव्हा काकू म्हणाल्या, "इतक्या लांब नको." मास्तरांनी मला गरकन फिरवले. "घरात बसून काय करणार तो? जा रे, लंब्या. हे सगळं तुझं आहे!"

तो गेला. पत्रे येऊ लागली. पत्र आले की काकू हात पुसत माझ्यापाशी येत. "आज कुठे आहे तो?"

मास्तर माझ्या निळ्या रंगावर जागा दाखवत. काकू तिथून घरापर्यंत बोटे मोजत. "म्हणजे चार बोटं लांब."

"चार बोटं काय? हजारो मैल!"

"मला चार बोटं कळतात," असे म्हणून काकू तिथे हात फिरवत आणि कामाला लागत.

मग एका दुपारी कंपनीचे पत्र आले. वादळात जहाज बुडाले होते. लंब्या सापडला नव्हता. कुठे बुडाले, त्याचे अक्षांश-रेखांश तेवढे पत्रात नीट लिहिले होते. मास्तरांनी पट्टी घेतली, माझ्यावर ती जागा शोधली आणि पेन्सिलीने बारीक ठिपका काढला. त्यांच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नाही. काकू मात्र फळीसमोर जाऊन बसल्या आणि रडत राहिल्या.

आठव्या दिवशी सकाळी त्या मूर्ती पुसत होत्या. "आता तुझ्याकडेच आहे तो. त्याला सारखी भूक लागते, लक्ष ठेव. पाय लांब आहेत, पांघरूण पुरत नाही त्याला..."

मास्तर ताडकन उठले. त्यांनी काकूंच्या हातातून मूर्ती हिसकावली आणि दुसरा हात माझ्यावर आपटला.

"हा बघ समुद्र! हा! आणि तुझा हा वीतभर मातीचा गोळा त्याला वर काढणार होता?"

मूर्ती फरशीवर आपटली आणि तिचे तुकडे झाले.

मित्रांनो, आज सांगताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरे वाटले होते. एवढ्या मोठ्या भांडणात मास्तरांनी दाखला दिला तो माझा!

 काकूंनी तुकडे सुपलीत गोळा केले आणि त्या बाहेर गेल्या. परत आल्या त्या रिकाम्या हाताने. तुकडे कुठे ठेवले, ते त्यांनी कधीच सांगितले नाही. त्या दिवसापासून सकाळचे त्यांचे बोलणे बंद झाले. "जेवायला वाढलंय", "पाणी आलंय", एवढेच काय ते शब्द घरात उरले.

काही महिने गेले. एका संध्याकाळी मास्तर शाळेतून आले. बूटही न काढता त्यांनी मला पिशवीतून काढले, टेबलावर ठेवले आणि पेन्सिलीच्या त्या ठिपक्यावर बोट टेकवले.

"लंब्या," ते हळूच म्हणाले, "तुझी आई नको म्हणत होती रे. मीच पाठवलं तुला. पाणी फार गार आहे का?"

दारात काकू पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. मास्तरांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"वेड लागलंय मला. कागद आहे हा. खळ आणि कागद!"

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "माझीही मातीच होती."

मास्तरांनी टेबलावर डोके टेकले आणि पहिल्यांदा ते हमसून हमसून रडले. काकूंनी पेला बाजूला ठेवला. मास्तरांचा हात धरून त्यांचे बोट पुन्हा त्या ठिपक्यावर नेले.

"बोला. अर्धवट सोडू नका. ऐकतोय तो."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कुठूनशी चिकणमाती आणली. जन्मात कधी माती मळली नव्हती, पण चार दिवस खपून त्यांनी एक मूर्ती घडवली. एक खांदा वर, एक खाली. ती फळीवर ठेवून ते अपराध्यासारखे उभे राहिले. "चालेल का गं ही?"

काकूंनी बराच वेळ पाहिले. "नाक तुमच्यावर गेलंय," त्या म्हणाल्या आणि किंचित हसल्या.

सकाळी त्यांनी ती मूर्ती कोरड्या फडक्याने पुसली. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. मास्तर बघत होते.

"राग नाही हो माझा," काकू म्हणाल्या. "मूर्ती चांगलीच आहे. पण तोंड उघडलं की ते फरशीवरचे तुकडेच दिसतात. मग बोलायचं ते राहून जातं."

त्या शेवटपर्यंत रोज मूर्ती पुसत राहिल्या. मुकाट्याने. काकू गेल्यावर मास्तर ती पुसू लागले. ते मात्र बोलत. एकच वाक्य, रोज तेच. "तिला सांग, माझं चुकलं." मास्तरही गेले, तेव्हा नातेवाइकांनी घर रिकामे केले. मी इथे आलो. मूर्तीचे काय झाले, मला ठाऊक नाही.

इथे पडल्या पडल्या मी विचार करतो. माझ्या समुद्राने आजवर कुणाचे बोटही भिजलेले नाही, तरी एका बापाला आपला मुलगा तिथेच भेटला. मग जी माती रोज काकूंचे ऐकून घेत होती, ती माझ्याच धंद्यातली नव्हती का? जे कवेत येत नाही, ते माणसाच्या हातात येईल एवढे करून द्यायचे, हेच आम्हा दोघांचे काम. हे मास्तरांच्या आधी मला कळायला हवे होते. पण मी गिरक्या घेण्यात गर्क होतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी एखाद्या लहानशा वस्तूपुढे बसून बोलत असेल. ती मातीची असेल, कागदाची असेल, नुसता एक जुना फोटो असेल. ती केवढी आहे, हे पट्टी लावून मोजू नका. कुणाशी बोलताय, एवढेच हळूच विचारा. आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत तिला हात लावू नका.