घासलेली पट्टी

भागवत सरांना त्या दिवसातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. जूनपासून उपप्राचार्याची खुर्ची, तिच्या पाठीवर टाकायला पांढरा टॉवेल, आठवड्याचे सहा तास कमी, आणि घंटी दाबली की पळत येणारा शिपाई. द्यायचं काय, तर एका दिवसाचं गोड बोलणं आणि लॅब अटेंडंट शंकरप्पाच्या घरचं, त्याच्या बायकोच्या, म्हणजे कमलम्माच्या हातचं जेवण. इतका सोयीचा सौदा देगलूरच्या सोमवारच्या बाजारातही कुणाला जमला नसता.

अट एकच होती. सरांच्या बारावी सायन्सच्या पोरांना रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात चौदा वर्षं ओळीनं तीसपैकी तीस मार्क पडत आले होते. संस्थेचे सेक्रेटरी दरवर्षी ते फ्लेक्सवर छापून बसस्टँडसमोर लावत. यंदा पंधरावं वर्ष. सेक्रेटरींनी साफ सांगितलं होतं, फ्लेक्स झाला तर खुर्ची तुमची, एक मार्क जरी घसरला तर गणिताच्या हरिओम सरांची.

तीसपैकी तीस कसे पडतात, याचं सरांना नवल नव्हतं. बाहेरच्या कॉलेजातला परीक्षक येतो, जेवतो, सही करतो. पुढे कधीतरी आपण त्याच्याकडे जातो, जेवतो, सही करतो. पोरं मधल्या वेळात पांढरा कोट घालून उभी राहतात. यात कुणाचं काही अडत नाही. रसायनशास्त्राचं तर नाहीच नाही.

अडलं ते परीक्षकांच्या यादीवर. यंदा नाव निघालं नांदेडच्या उज्वला मॅडमचं.

दोन वर्षांपूर्वी भागवत सर याच मॅडमच्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते. मॅडम लॅबमध्ये पोरींजवळ उभ्या होत्या, त्यामुळे सरांना घ्यायला गेटवर कुणी आलं नाही. चहा आला तो बशीवाचून. जेवणाला कॅन्टीनची पुरीभाजी. सरांनी निमूटपणे पुरीभाजी खाल्ली आणि चोवीस पोरींचे प्रत्येकी चार मार्क कापले. कारण लिहिलं, 'जर्नल अव्यवस्थित'. देगलूरला परत आल्यावर स्टाफरूममध्ये ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा आणि इतकी रंगवून सांगितली, की शेवटी शेवटी पुरीही शिळी झाली होती.

आता तीच बाई सकाळी साडेनऊला गेटवर उभी. सरांनी गुच्छ पुढे केला, तो मॅडमनी शिपायाच्या हातात दिला. नाश्त्याचं विचारलं, तर म्हणाल्या, खाऊन आलेय. दुपारी कमलम्माच्या हातच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आहे म्हटल्यावर त्यांनी पिशवीतला स्वतःचा डबा टेबलावर ठेवला. जो परीक्षक जेवत नाही, तो काय करील याचा नेम नसतो.

"आपलं मागचं काही मनात ठेवू नका, मॅडम," सर म्हणाले.

"मनात कशाला ठेवू? कागदावर आहे की."

मग त्यांनी स्लिपा वाटल्या. वीसच्या वीस पोरांना एकच प्रयोग. जस्त आणि तांब्याचा सेल जोडा, व्होल्टमीटर लावा, रीडिंग घ्या. सरांना जरा हायसं वाटलं, कारण या प्रयोगाइतका बिनघोर प्रयोग लॅबमध्ये दुसरा नव्हता. एका बीकरात मोरचुदाचं निळं पाणी आणि तांब्याची पट्टी, दुसऱ्यात झिंक सल्फेटचं बिनरंगी पाणी आणि जस्ताची पट्टी. दोन्ही बीकरांच्या मध्ये सॉल्ट ब्रिज, म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवलेली फिल्टर पेपरची घडी. उत्तर येतं एक पॉइंट एक व्होल्ट. येतं म्हणजे काय, सरांनी ते ऑगस्टमध्येच डिक्टेट केलं होतं. पंधरा वर्षांच्या सगळ्या जर्नलांत तेच होतं. व्होल्टमीटरच्या काट्याला कुणी कधी तसदी दिली नव्हती.

एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "जोडायच्या आधी पट्ट्या काचपेपरनं घासून घ्या. चकचकीत होईस्तोवर. मी बघणार आहे."

हे काही मॅडमच्या मनातलं नव्हतं. भागवत सरांच्या स्वतःच्या नोट्समध्ये पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ आजवर कुणी अंमलात आणली नव्हती, इतकंच. पोरं घाबरून घासायला लागली. दहा मिनिटं लॅबमध्ये सुतारकामाचा आवाज येत राहिला. शंकरप्पा मात्र खिडकीपाशी उभा राहून आपल्या चपलेकडे बघत होता, आणि त्याचं कारण फक्त त्याला आणि सरांना माहीत होतं. सरांना तर ते या क्षणापर्यंत आठवतही नव्हतं.

सात वर्षांपूर्वी लॅबमधल्या जस्ताच्या पट्ट्या झिजून झिजून संपल्या. शंकरप्पानं दोनदा सांगितलं. मागणीचा अर्ज भरायचा, सेक्रेटरींच्या दारात उभं राहायचं, याचा सरांना कंटाळा. त्यांनी सांगितलं की कुठलाही पांढरा पत्रा काप, पांढरा दिसला म्हणजे झालं. तेव्हा सायकल स्टँडवर पत्रे टाकून काही तुकडे उरले होते. शंकरप्पानं त्यातल्या पट्ट्या कापल्या. दिसायला पांढऱ्या, चालायलाही बऱ्या. दरवर्षी नव्या कापायच्या, बुडवायच्या, फेकायच्या. पत्र्यावर जस्ताचा हात दिलेला असल्यामुळे कुणी बघितलाच तर काटाही एकाच्या आसपास जाऊन बसायचा. ती फसवणूक म्हणावी, तर फसवणूक करायचेही कष्ट सरांनी घेतले नव्हते.

मॅडम टेबलांमधून फिरायला लागल्या. पाच टेबलं, पाच व्होल्टमीटर, एकेका टेबलावर चौघं. पहिल्या टेबलावर पोरांनी लिहिलं होतं १.१०. मॅडमनी काट्याकडे पाहिलं. काटा पाऊणच्या खाली. त्यांनी हातातल्या कागदावर टिंब दिलं. दुसऱ्या टेबलावर तेच, तिसऱ्यावर तेच. समोर काटा एक गोष्ट सांगत होता आणि पोरं आठ-आठ डोळ्यांदेखत दुसरंच लिहीत होती, तेही सुवाच्य अक्षरात. सर मागून फिरत होते आणि प्रत्येक टिंबासरशी खुर्चीवरचा टॉवेल एकेक वीत लांब जात होता.

पाचव्या टेबलावर धम्मप्रिया होती. तिचा बाप आनंदराज पत्र्याचे शेड ठोकायची कामं घ्यायचा. पोरगी वर्गात मागे बसायची आणि नको ते प्रश्न विचारायची, म्हणून सरांच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होती. तिच्या पेपरवर लिहिलं होतं ०.७४.

सर वाकून तिच्या कानाशी कुजबुजले, की खोड आणि जर्नलातलं लिही. तिनं खोडलं नाही. मॅडम पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"रीडिंग?"

"झीरो पॉइंट सेव्हन फोर, मॅडम."

"नीट बघ गं," सर म्हणाले. "जर्नलात काय हाय?"

"जर्नलात वन पॉइंट वन हाय, सर. काटा तसं म्हणून न्हाई राहिला."

दोनतीन पोरं फिसकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अगदी आदबीनं सरांकडे तोंड वळवलं आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं विचारलं, की सर, तुम्ही जुने आहात, कमी का आलं ते पोरांना सांगा.

इथं गप्प बसले असते तर भागवत सरांचं निम्मं नुकसान वाचलं असतं. पण पंधरा वर्षं डिक्टेट करणाऱ्या माणसाला गप्प बसणं जमत नाही.

"पट्ट्या झिजल्यात, मॅडम," ते म्हणाले. "घासून घासून बारीक झाल्या. पट्टी लहान झाली की व्होल्ट कमी येणारच. मोठी घ्या, बरोबर वन पॉइंट वन येतंय."

मॅडमनी मान हलवली, पटल्यासारखी. मग धम्मप्रियाला म्हणाल्या, "पटतंय तुला?"

पोरगी शंकरप्पाकडे वळून म्हणाली, "अप्पा, पत्र्याची कात्री द्या." शंकरप्पानं सरांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि खणातून कात्री काढून दिली. धम्मप्रियानं आपली पट्टी बीकरातून उचलली, पुसली आणि उभी चिरून बरोबर अर्धी केली. बापाच्या हाताखाली शिकलेला हात. चीर जराही वाकडी गेली नाही. अर्धी पट्टी तिनं परत पाण्यात सोडली. वीस पोरं, दोन मास्तर आणि एक अटेंडंट काट्याकडे बघत होते. काटा हलला, थरथरला आणि पुन्हा तिथंच येऊन बसला. ०.७४.

"पट्टी अर्धी केली म्हणून धातू बदलत न्हाई, सर," ती म्हणाली. "इलेक्ट्रॉन सोडायची ओढ धातूची असती, आकाराची न्हाई. मोठी पट्टी जास्त दिवस चालंल. व्होल्ट तेवढेच देईल."

मग तिनं शंकरप्पाच्या डब्यातली एक न घासलेली पट्टी मागून घेतली आणि पहिलीच्या जागी बुडवली. काटा सरसर चढला आणि एकाच्या पुढे जाऊन थांबला. लॅबमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

मॅडमनी विचारलं, मग घासलेली पट्टी कशाची?

"लोखंडाची. वरून जस्त, आत लोखंड. घासलं की जस्त गेलं. तांब्याचं पोटेन्शियल पॉइंट थ्री फोर, लोखंडाचं वजा पॉइंट फोर फोर. दोन्हींतलं अंतर पॉइंट सेव्हन एट. बीकरात लोखंडाचं पाणी न्हाई, म्हणून तंतोतंत यायचं न्हाई, पर आसपास येतंय." मग म्हणाली, "सायकल स्टँडचा पत्रा हाय, मॅडम. माझ्या बापानंच ठोकलाय. गंजल्यावर कसा दिसतो ते मला ठाव हाय."

सरांनी लगेच शंकरप्पाकडे बोट केलं. म्हणाले, याला विचारा, हा काय कापून देतो ते मी कुठं बघत बसू. शंकरप्पा पंधरा वर्षांत सरांसमोर मान वर करून बोलला नव्हता. आताही त्यानं मान वर केली नाही. चपलेकडे बघूनच म्हणाला, "तुम्हीच म्हणलाव सर, पांढरा दिसला म्हंजी झालं."

दुपारी स्टाफरूममध्ये दोघंच होते. कमलम्माचं जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं, तसंच. मॅडमनी डबा खाऊन, डबा धुऊन, दोन कागद सरांपुढे ठेवले. एक मार्कांची यादी, तिच्यावर दोघांच्याही सह्या लागतात. दुसरा कोरा.

"यादीवर सही करा. नसेल करायची तर या कोऱ्या कागदावर मी पत्र्याचं सगळं लिहिते आणि बोर्डाकडे पाठवते. तुम्ही म्हणाल तसं."

सरांनी यादी पाहिली. रीडिंग खोटं लिहिणाऱ्या एकोणीस जणांचे प्रत्येकी पाच मार्क गेले होते. धम्मप्रियापुढे तीस होते. सर बेरजेला पक्के होते; एकोणीस पंचे पंच्याण्णव हे त्यांच्या तोंडात यायच्या आधी मॅडमच म्हणाल्या, "पंच्याण्णव. तुम्ही माझ्या पोरींचे शहाण्णव नेले होते. एक राहतोय. वीस जणांतला कुणाचा घेऊ, ते तुम्ही सांगा."

सरांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली.

"सोडून द्या म्हणालात, तर सोडते," मॅडमनी पेनचं टोपण काढलं. "माझं त्यात काही जात नाही."

खरं तर सरांचंही काही जात नव्हतं. फ्लेक्स गेला होता, खुर्ची गेली होती, हरिओम सर बाहेर व्हरांड्यात उगाच तिसऱ्यांदा फेरी मारत होते. एक मार्क वाचवून त्यातलं काही परत येणार नव्हतं आणि घालवून आणखी काही जाणारही नव्हतं. पंधरा वर्षांत भागवत सरांना एवढी बिनखर्चाची चांगली गोष्ट करायची संधी कधी आली नव्हती. त्यांनी यादीवरून बोट खाली नेलं आणि शेवटच्या नावावर ठेवलं.

"हिचा."

"कारण?"

"साहित्याची नासधूस. पट्टी कापली न्हाई का?"

मॅडमनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी तीसवर रेघ मारली, एकोणतीस लिहिलं, शेराही तसाच लिहिला आणि घड्याळ पाहिलं. नांदेडची बस पावणेचारची होती. दोघांनी सह्या केल्या.

आता हिशोब. हरिओम सरांना खुर्ची मिळाली. त्यासाठी त्यांनी व्हरांड्यात तीन फेऱ्या मारल्या. भागवत सर आपल्या जुन्याच खुर्चीवर राहिले, तास तेवढेच, नोट्स त्याच. शंकरप्पाला सायकल स्टँडच्या पत्र्याबद्दल मेमो मिळाला. उज्वला मॅडमचे शहाण्णव वसूल झाले, पण त्यांच्या ज्या चोवीस पोरींचे ते होते, त्यांच्या गुणपत्रिकेत त्यातला एकही परत गेला नाही. इकडे एकोणीस पोरांनी पाच-पाच भरले आणि त्याबद्दल वर्षभर धम्मप्रियाशी बोलणं टाकलं, सरांशी नाही. आणि काटा जसा होता तसा वाचणारीनं भरला एक.

पुढच्या वर्षी लॅबमध्ये खऱ्या जस्ताच्या पट्ट्या आल्या. त्या घासायच्या नाहीत, असं भागवत सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं.