बाजूबंद

लोकांची फॅशन बदलते, कातडी बदलता येत नाही, म्हणून माझं दुकान चालतं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत आईशेजारी बसून मी सुईनं गोंदायला शिकले, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे रानशेत-झरीकडच्या बाया. तुळस, विंचू, हनुवटीवर ठिपके. मेल्यावर दागिने घरचे काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं म्हणत त्या दातओठ खाऊन बसायच्या. मग ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली बॅटरीवरचं मशीन आलं आणि पोरांना अक्कल फुटली. मनगटावर 'आई', दंडावर बाण घुसलेला बदाम. नव्वदनंतर मी डहाणू स्टेशनजवळ गाळा घेतला, 'रखमा टॅटू स्टुडिओ' अशी पाटी लावली. गोंदण म्हटलं की नाक मुरडणाऱ्या मास्तर-कारकुनांचे चिरंजीव टॅटू म्हटल्यावर रांगेत उभे. ड्रॅगन हवा म्हणे. ड्रॅगन म्हणजे काय, पंख फुटलेली घोरपड. दिली काढून.

माझ्या सोनलचा हात माझ्यापेक्षा साफ. त्याच साफ हातानं तिनं एका जत्रेत जतीनच्या दंडावर स्वतःचं नाव गोंदलं. जतीन म्हणजे वसुमतीबाईंचा एकुलता एक. चिकूच्या वाड्या, दारात जीप. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, कागदावर लिहायचं होतंस, फाडता तरी आलं असतं."

"मावशी, फाडायचंच नाहीये," जतीन म्हणाला. मोठा बाणेदार. दोन वर्षं टिकला.

पंचाण्णवच्या माघात त्याचं लग्न ठरलं. मुलगी बोर्डीची, नाव पूर्वी, त्यांच्याच जातीची, त्यांच्याच तोलामोलाची. सगळं जुळलं, आडवी आली ती हळद. हळदीला नवरदेवाला उघडा बसवतात, दोन्हीकडच्या बाया दंडाला हळद चोळतात. शर्टाच्या बाहीखाली सुखानं राहिलेली सोनल तिथे कुठे लपणार?

म्हणून हळदीच्या पंधरा दिवस आधी मायलेक माझ्या दुकानात हजर. लाज म्हणाल तर मलाच वाटली.

"वापीला जा की, बाई," मी म्हटलं. "तिथे मोठमोठी दुकानं आहेत."

"तिथे चार तोंडं बोलतील," वसुमतीबाई म्हणाल्या. "तू नाही बोलणार, रखमा. तुझीच पोर आहे."

बघा, डोकं कसं चालतं. अब्रू दोन्ही घरांची, राखायचं काम माझ्याकडे.

"नाव पुसलं जात नाही," मी म्हटलं. "झाकता येतं."

"मग झाक. काळंभोर कर."

मी मशीन उचललं. त्या दंडावर गाढव काढावं असं मनापासून वाटलं. तेवढ्यात सोनल आतून आली. "आई, दे. मी करते."

तिनं त्याला बसवलं, दंड पुसला, पेननं गोल पट्टा आखला. मग म्हणाली, "जतीन, एकदा सुई लागली की मागे फिरता येणार नाही. नको म्हण, आत्ता बंद करते."

त्यानं आईकडे बघितलं. आई भिंतीवरचा ड्रॅगन बघत होती. मग त्यानं बाही आणखी वर सरकवली.

"पट्टा जरा रुंद कर," म्हणाला. "अक्षरं दिसायला नकोत."

तिनं केला. मध्येच तो कळवळला, तेव्हा ती माझ्या आईसारखीच म्हणाली, "हलू नकोस, रेघ वाकडी येते."

ते गेल्यावर पोर रडेल म्हणून मी चहा टाकला. ती चहा प्यायली आणि सुया उकळत ठेवल्या. रडले मीच, जतीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

हळदीत सगळ्या गावानं तो काळा पट्टा बघितला आणि पोरं खुळावली. उन्हाळ्यापर्यंत डहाणूपासून तलासरीपर्यंत ज्याला त्याला 'जतीनवाला बाजूबंद' हवा. ज्यांच्या दंडावर झाकण्यासारखं काही नव्हतं, तेही झाकून गेले. माझ्या पोरीचं नाव जिथे गाडलं, त्या डिझाइनवर मी फ्रीज घेतला. धंदा म्हणतात तो हा.

दिवाळीनंतर जतीनची बायको, पूर्वी, दुकानात आली. गोड पोर, तिच्यावर रागावता येईना.

"यांच्यासारखाच काढा," ती सोनलला म्हणाली. "जोडीचा."

"बायका नाजूक घेतात," मी म्हटलं.

"नको. यांचा आहे तेवढाच रुंद."

सोनलनं मशीन लावलं. थोड्या वेळानं पूर्वीनं हसत विचारलं, "ताई, इतकं काळं भरायचं म्हणजे, यांच्या पट्ट्याखाली काही आहे का हो?"

माघापासून दाबून ठेवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. मी तोंड उघडलं. सोनलनं मान वर करून एकदाच माझ्याकडे बघितलं.

"काही नाही, वहिनी," ती म्हणाली. "नुसती शाई आहे. हलू नका, रेघ वाकडी येते."

मी तोंड मिटलं आणि पूर्वीचा हात हलू नये म्हणून धरून बसले.