एका घराचे तीन जिल्हे

सुपारी फुटायला चार दिवस उरले होते, आणि कुपवाडहून निरोप आला की जरा थांबा.

निरोप आणणारा कृष्णात बायडाबाईंचा धाकटा दीर. चहाला हात न लावता तो म्हणाला, "वयनी, धनाजी पावणं म्हनत्यात, पोरगा ज्या जिल्ह्यात हाय म्हनतोय, त्यो जिल्हाच न्हाई."

"न्हाई म्हंजे? गेला कुटं?"

"नकाशात न्हाई. त्यांनी पुस्तक काढून बघितलंय."

बायडाबाई शिराळ्याच्या. त्यांचा कपिल भूतानात रस्त्याच्या कामावर बुलडोझर चालवायचा. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं कुपवाडच्या प्रियदर्शनीला पाहिलं, तिनंही त्याला पाहिलं, आणि दोन्हीकडं पसंती झाली. बुद्ध पौर्णिमेनंतर मंगल परिणय करायचा ठरला. सून यावी म्हणून बायडाबाईंनी चार वर्षं वाट पाहिली होती. आता एका नकाशापायी सगळं राहतंय की काय, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

दोष त्यांचाच होता. माघात कपिलचं पत्र आलं तेव्हा ते कौतुकानं कुपवाडला धाडून द्यायची घाई त्यांनीच केली होती. पत्रात होतं, 'आई, माझी बदली त्राशी यांगत्से जिल्ह्यात झाली. इकडे जिल्ह्याला झोंगखाग म्हणतात. देश एवढासा, पण जिल्हे वीस. बहुतेक जिल्ह्यांना आपला किल्ला आहे. किल्ल्यात अर्ध्या भागात कचेरी, अर्ध्या भागात भिक्खू. सकाळी साहेब फायली घेऊन चढतो आणि पलीकडून पठणाचा आवाज येतो. इथं पांढरा मोठा स्तूप आहे, त्याच्यावर डोळे काढलेत. तू असतीस तर दिवसभर फेऱ्या घातल्या असत्यास.'

बायडाबाईंनी हे पत्र अर्ध्या शिराळ्याला वाचून दाखवलं होतं. आपल्याकडच्या कचेरीत पठण ठेवलं तर साहेब वेळेवर येतील का, यावर त्या वेळी बरीच चर्चाही झाली होती.

त्या उठल्या. माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, तळातून तीन कागद घेतले, पिशवीत घातले आणि सकाळच्या एस.टी.नं सांगलीला आल्या. तिथून कुपवाडला.

प्रियदर्शनीचे वडील धनाजी एका कारखान्यात चेकर होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग मापून पास करायचा किंवा बाजूला टाकायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. घरातही त्यांची नजर तशीच. भाजीतलं मीठसुद्धा ते मापून सांगत.

"जय भीम, आक्का. बसा," ते अवघडून म्हणाले. "राग मानू नका. लेकीचा प्रश्न हाय."

"राग न्हाई. दाखवा तुमचं पुस्तक."

त्यांनी वाचनालयातून आणलेला नकाशांचा मोठा ग्रंथ खाटेवर उघडला. भूतानावर बोट ठेवलं. "ही बघा. मोजा. अठरा. पोरगा वीस लिवतोय. त्राशीगांग हाय, पर यांगत्से जिल्हा कुटं न्हाई. माझं माप जुळंना. अशा ठिकानी पोरगी द्यायची, आन उद्या काय झालं तर तार कुटल्या जिल्ह्यात करायची?"

बायडाबाईंनी पिशवीतून तीन कागद काढून नकाशावरच मांडले. तिन्ही शाळा सोडल्याचे दाखले.

"ह्यो माझ्या मालकांचा. गाव शिराळा, जिल्हा वाचा."

"सातारा."

"ह्यो आमच्या कृष्णातभाऊंचा. पंचावन्न सालचा."

"शिराळा, जिल्हा... दक्षिण सातारा."

"आन ह्यो कपिलचा."

"सांगली."

"तिगंबी एकाच घरात जल्मले, पावणं. एकाच चुलीवर पानी तापवून न्हाली. घर इतभर हाललं न्हाई. मी माज्या आईच्या घरी हुते तवा सातारा, लगीन झालं तवा दक्षिण सातारा, आन पोरं झाली तवा सांगली. आमी काय तीनदा बिऱ्हाड केलं व्हय? मोठ्या जिल्ह्याचं तुकडं पाडत्यात, नाव बदलत्यात. मानसं हाईत तितंच ऱ्हात्यात. तिकडच्या राजालाबी वाटलं आसंल, त्राशीगांग लय मोटं झालं."

धनाजींनी तिन्ही दाखल्यांवरची सालं पुन्हा वाचली. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी ग्रंथ मिटला, पुन्हा पहिल्यापासून उघडला, आणि पहिल्या पानामागं बारीक अक्षरात छापलेलं साल चष्मा वर करून वाचलं.

"अठ्ठ्याऐंशी," ते पुटपुटले. कपाळावर हात मारला. "आन आता त्र्याण्णव! आयला, जुन्या ड्रॉइंगवर माल तपासला!"

"काय झालं?"

"आवं आक्का, आमच्याकडं ड्रॉइंग बदललं की आदी जुनं फाडायचं. न्हाईतर चांगला नग बाद हुतो. गेल्या साली ह्याच चुकीवरनं मी एका पोराला समद्यांसमोर झापलं. आन मी सोता..." त्यांना हसू आवरेना. "जावई पास हाय! शंभर टक्के पास!"

"त्यो दिवाळीलाच पास हुता," आतून आवाज आला.

प्रियदर्शनी चहा घेऊन आली. धनाजींनी डोळे मोठे केले, पण ती बधली नाही. ट्रे ठेवून तिनं बायडाबाईंच्या पाया पडल्यावर ओढणीआडून एक बंद पाकीट काढलं. त्यावर इंग्रजीत कपिलचं नाव होतं, त्राशी यांगत्से होतं, भूतान होतं. मध्ये एक ओळ मोकळी होती.

"आत्या, पत्र चार दिवसांपूर्वीच लिहून ठेवलंय. पत्ता अडलाय. मुक्काम पोस्ट लिहिलं, जिल्हा लिहिला. तालुका काय घालायचा?"

बायडाबाईंनी त्या मोकळ्या ओळीकडं पाहिलं. पत्त्यात तालुका नाही, हे त्यांच्याही जिवाला बरं वाटेना.

"मोकळाच ऱ्हाऊ दे, बाळे," त्या म्हणाल्या. "तितं गेलीस की तूच बघ, आन मला लिहून कळीव."

"म्हंजे सुपारी आईतवारीच ना?" धनाजींनी विचारलं.

"ते तुमच्या मापात बसत आसंल तर," बायडाबाई म्हणाल्या, आणि बशीत चहा ओतला.