दोन खिडक्यांचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. हसू नका, मित्रांनो! घडी घालून माळ्यावर ठेवलेला असलो, तरी मला सगळं ऐकू येतं. "पडद्याचं कसलं आलंय आयुष्य?" असं तुमच्यातलं कुणीतरी आत्ता पुटपुटलं. त्यानं तर जवळच येऊन बसावं.

माझा जन्म कापड गिरणीतला. कापड जाडजूड, रंग गर्द हिरवा. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या बायकोनं मला पसंत केलं आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीत टांगलं. पाहुणे माझा काठ चिमटीत धरून बघायचे आणि "काय कापड आहे हो!" म्हणायचे. मीही जरा फुगायचो. पण रोजच्या उन्हानं माझा रंग उडाला, वाळक्या गवतासारखा मळकट झालो, आणि बाईंनी मला खाली उतरवलं. आता आपली फडकी होणार, असं मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात घड्याळजींनी मला हातात घेतलं. "अगं, हा तर हुबेहूब गवताचा रंग! याचं मला लपण शिवून दे."

लपण म्हणजे छोटासा तंबू. पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस त्यात दडून बसतो. घड्याळजींना तेच वेड होतं. दुकानाला सुट्टी असली की उजाडताच ते कॅमेरा घेऊन तळ्याकडे निघायचे.

बाईंचा हात शिवणात चालायचा झरझर, पण तोंड त्याहून झरझर. बोलण्याच्या नादात त्यांनी मला एकाऐवजी दोन खिडक्या कापल्या.

"दोन कशाला? मला काय दोन डोकी आहेत?" घड्याळजी म्हणाले.

"कापली गेली खरी. असू दे, वारा येईल!" असं म्हणत बाईंनी दुसऱ्या खिडकीवर कापडाची झडप शिवली आणि तिला आतून कोटाचं एक लाल बटण लावलं. ते बटण कितीतरी वर्षं कुणी उघडलंच नाही.

तळ्याकाठी मी पुष्कळ पक्षी पाहिले. खंड्या तर एकदा माझ्याच डोक्यावर बसून गेला, आणि जाताना काय करून गेला ते सांगत नाही. पण घड्याळजींना हवा होता तापस. हा बगळ्याच्या नात्यातला, जरा बुटका पक्षी. चाहूल लागली की मान ताणून, चोच वर करून बोरूच्या दाटीत उभा राहतो. वाऱ्यानं बोरू हलला, की हासुद्धा तसाच हलतो. समोर असला तरी दिसत नाही.

"तासन्‌तास गप्प बसायचं? असला एक तापस आमच्या घरातच आहे की!" बाई म्हणाल्या. तेव्हापासून घड्याळजींचं नावच तापस पडलं.

एका सकाळी तो त्यांना खरोखर दिसला. कॅमेरा सरसावेपर्यंत गेलासुद्धा. घरी येऊन त्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं. शेजारचे मास्तर तिथेच बसले होते. "घड्याळजी, भिंगातून बघून बघून डोळे गेले तुमचे. बगळा असेल हो!" सगळे हसले. बाईही हसल्या. ते मात्र घड्याळजींना फार लागलं. पुढच्या सुट्टीला माझ्या आत बसून ते हळूच म्हणाले, "बगळा नव्हता रे." मला वाईट वाटलं. पण माझी साक्ष कोण काढणार?

वर्षं गेली. घड्याळजींचे हात कापायला लागले. चिमट्यातून स्क्रू निसटायचे. शेवटी दुकान बंद झालं. फोटोही हललेले येऊ लागले.

"तापस राहूनच गेला," एके दिवशी ते म्हणाले.

बाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी येते बटण दाबायला."

"तू? तुझ्या आवाजानं तळ्यातले मासे बाहेर येतील!"

"तोंडाला कुलूप लावते. किल्ली ठेवा तुमच्यापाशी."

आणि खरंच आल्या. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर घट्ट बसवला. त्याच्या लांब वायरचं बटण बाईंच्या हातात दिलं. त्यांच्या गुडघ्यावर घड्याळजींची थाप पडली की दाबायचं, असं ठरलं. बाईंनी ते लाल कोटबटण काढलं आणि दुसऱ्या खिडकीला डोळा लावला.

बराच वेळ गेला. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मी तर चाटच पडलो!

मग बोरूतलं एक पातं जरा जाड वाटलं. त्याला पिवळा डोळा होता. घड्याळजींनी गुडघ्यावर थाप मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. कॅमेरा गप्पच. वारा आला, बोरू डुलला, तापसही डुलला. मग एक पाऊल आत टाकून तो नाहीसा झाला.

घड्याळजींनी वळून पाहिलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अहो, दाबायचंच राहिलं. मी बघतच बसले."

मी धास्तावलो. इतक्या वर्षांची तपश्चर्या पाण्यात गेली होती! पण घड्याळजींनी एवढंच विचारलं, "दिसला ना तुला?"

"दिसला की! डुलतो हो तो! अगदी तुम्ही सांगायचात तस्सा!"

घड्याळजी हसले, आणि माझ्याच काठानं त्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी मी पडदा असल्याचं मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी मास्तरांनी विचारलंच, "काय, फोटो कुठाय?"

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "फोटो कशाला हवाय? मी पाहिलाय." आणि भर गल्लीत मान ताणून, नाक वर करून त्या तापसासारख्या डुलून दाखवायला लागल्या. मास्तर मुकाट्यानं घरात गेले.

तापसाचा फोटो त्या घरात अजूनही नाही. माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडलाय, दोन ठिकाणी ठिगळं आहेत. मध्यंतरी घरी राहायला आलेली भाची मला फाडून फडकी करायला निघाली होती, तेव्हा बाईंनी मला तिच्या हातातून हिसकावून घेतलं. "खबरदार! आम्ही दोघं बसतो त्यात."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी "मला दिसलं" म्हणालं, तर लगेच फोटो मागू नका. जरा शेजारी जाऊन बसा. आणि कुणीतरी वर चढून माझ्या घडीत चार डांबरगोळ्या ठेवा बघू. पक्ष्यांचा हंगाम जवळ आलाय, आणि दोन्ही खिडक्या शाबूत राहायला हव्यात.