हिरामणची बाटली

वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद बघितले आणि सांगितलं, माझ्या सुनेत दोष नाही, लेकातही नाही. मी म्हटलं, "मंग आमी इथं कशाला बसलोय?"

"आजी, दोष सापडत नाही, पण पाच वर्षांत मूलही नाही. असं होतं कधीकधी. आता तीन रस्ते आहेत. सहा महिने नुसती वाट बघा. नाहीतर गोजराला गोळ्या देते. नाहीतर गोळ्याही देते आणि हिरामणचं बीज इथं धुऊन नळीनं आत सोडते."

"धुऊन?" मी उभीच राहिले. "आमच्या घरचं काय मळलेलं हाय?"

हिरामणनं मान इतकी खाली घातली की मला त्याचं टक्कल दिसलं. बत्तिसाव्या वर्षी टक्कल! तो दोष नाही कुणी शोधत.

मी गोळ्यांच्या बाजूची. गोळी गिळली की गावाला कळत नाही. पण गोजरा, पाच वर्षं मी दिलेल्या मुळ्या, अंगारे, काढे मुकाट पोटात घालणारी पोर, भाकरी थापता थापता बोलली, "मी नळीचं करनार. गिळून गिळून पुरे झालं."

"त्यात पन गोळ्या हायतच!"

"त्या बाईंच्या हायत. तुमच्या नाय."

हिरामण म्हणाला, "एकदाच. फसलं तर परत माझं नाव काढायचं नाय." म्हणजे गोजराला एकच डाव मिळाला.

ठरल्या दिवशी गोजरा सकाळीच दवाखान्यात गेली. हिरामणच्या बीजाची बाटली घरनं तासाभरात पोचवायची होती. हिरामण मोरीतनं रुमालात गुंडाळलेली बाटली घेऊन आला आणि दारातच थिजला. जेट्टीवर त्याचे दोस्त जाळी विणत बसले होते.

"आये, मी हे घेऊन त्यांच्यासमोरनं जानार नाय."

"दे इकडं. तीस वर्षं माल नेतेय मी."

तासाभरात न्यायची म्हणजे नासणारी वस्तू. ती कशी न्यायची हे दिवाळे गावच्या कोळणीला कुणी शिकवायला नको. टोपलीत बर्फ ठेचून घातला, त्यावर चार पापलेटं, मधोमध बाटली, वर पुन्हा बर्फ आणि ओलं गोणपाट. बसमध्ये एका बाईनं भाव विचारला. म्हटलं, "आज इकायला नाय."

दवाखान्यात बाईंनी गोणपाट उचललं आणि सुरमईसारखा जबडा उघडला. "आजी! हे अंगाशी धरून उबेत आणायचं असतं! हिरामणला बजावलं होतं!"

मागनं धापा टाकत हिरामण आला. "आयेला असलं कसं सांगू?" तो पुटपुटला.

बाईंनी थेंब दुर्बिणीखाली घेतला. "एकही हलत नाही."

"गारठलेत. जरा उन्हात ठेवा."

बाई हसल्या नाहीत. "दुसरं लागेल. दोनतीन तासांनी, इथंच. नाहीतर हा महिना गेला."

हिरामण दाराकडं निघाला. "मी एकदाच म्हनलो होतो."

आत खाटेवर गोजरानं सगळं ऐकलं. नुसतं तोंड भिंतीकडं केलं. कडू काढ्यालाही पोरीनं कधी असं तोंड फिरवलं नव्हतं.

मी दारात आडवी झाले. "हिरामण, चूक माझी हाय."

हे वाक्य माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत त्याचा बाप वर गेला.

"काय म्हनालीस?"

"ऐकलंस ते."

"जरा जोरात म्हन."

बाकड्यांवर वीस बाया बसल्या होत्या. "चूक माझी! लेकाची नाय, सुनेची नाय. माझी आनि बर्फाची!"

हिरामण हसत सुटला. आत गोजराचीही खाट हलायला लागली. दोन तासांनी तो बाथरूममध्ये गेला आणि मी बाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. एक चष्मेवाली आली, तिला म्हटलं, "थांबा, पोरगा कामात हाय."

आतनं आवाज आला, "आये, तू आधी तिथनं ऊठ!"

उठले.

दुपारी नळीचं झालं. बसथांब्यावर गोजरा म्हणाली, "आई, पंधरा दिवस मला काय विचारायचं नाय."

"नाय विचारनार."

बस यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी दोनदाच विचारलं.