भट्टीवाले आणि मोडणाऱ्या बाई

"आणखी एक लावते," म्हणत वहिनींनी दुसरी पट्टी यंत्रात ठेवून चाक फिरवलं. कट्! हीसुद्धा पहिलीसारखीच वेळेआधी मोडली.

"माझ्याकडे तर पास झालीय," मी म्हणालो. पट्ट्या हवेत आणि पाण्यात तोलून आत पोकळी राहिली का ते बघायचं, हे माझं काम. "छिद्र औषधालाही नाही."

"नसणारच. इतकं तापवल्यावर कुठून राहील?" त्यांनी तुटका तुकडा माझ्यापुढे धरला. चांगली पट्टी मोडली की आतून राखाडी, बारीक दिसते. ही साखरेसारखी चमचमत होती. "दाणा वाढलाय."

आमच्याकडे दगड कापायच्या चकत्यांचे दात बनतात. धातूंची भुकटी साच्यात भरून तापवत दाबायची आणि प्रत्येक खेपेतून चाचणीसाठी काही पट्ट्याही काढायच्या. कमी तापली तर पोकळ राहते. जास्त तापली तर घट्ट बसते खरी, पण आतले कण एकमेकांना गिळून फुगतात आणि दात टिकत नाही. हा मधला काटा वर्षानुवर्षं सांभाळणारे भट्टीवाले म्हणजे आमचे दादा. आणि त्यांनी केलेलं मोडून बघणाऱ्या वहिनी म्हणजे त्यांची सख्खी बायको!

लोकांच्या जिभेला हाड नसतं, म्हणून वहिनींनी आपणहून नियम घातला होता. कारखान्यात नवऱ्याला 'भट्टीवाले' म्हणायचं, कामापुरतंच बोलायचं आणि घरी सोबत जायचं नाही. सुट्टी झाली की दादा पुढे आणि वहिनी मागून, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. आम्ही भरपूर खेचायचो, "काय वहिनी, आजही भांडण?"

"निकाल घरी ठरतो असं कुणी म्हणायला नको," एवढंच त्या म्हणायच्या. मला या बाईंचं फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

पण आजची गोष्ट साधी नव्हती. मागे एकदा दादांचा माल असाच बिघडला, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं की पुन्हा झालं तर भट्टीवर दुसरा माणूस येईल.

"वहिनी, उद्या परत बघू या का?"

"उद्या दाणा लहान होणार आहे का?" त्यांनी ठसठशीत अक्षरात 'नापास' लिहिलं. "भट्टीवाल्यांना बोलवा."

दादा हात पुसत आले. वहिनींनी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. दादांनी तो खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ आणला, लांब धरला.

"दिसतंय?"

"दिसतंय ना."

ते तुकड्याचं भलतंच टोक बघत होते. वहिनींनी त्यांचं बोट धरलं आणि तुटलेल्या टोकावरून फिरवलं. ती खरखर बोटाला लागली आणि दादांचा चेहरा उतरला.

"जास्त तापली," ते म्हणाले. "भट्टीच्या तापमानाचा आकडा पाच आहे की नऊ, ते कळलं नाही. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही."

"डॉक्टरांकडे कधी गेलात? घरी का नाही बोललात?" वहिनी कारखान्यात पहिल्यांदाच कामापलीकडचं बोलल्या.

"घरी सांगितलं असतं, तर इथे तुला माहीत असून गप्प बसावं लागलं असतं."

मी वजनकाटा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

दादा स्वतःच साहेबांकडे गेले आणि काही न लपवता सगळं सांगून आले. भट्टी सुटली. उद्यापासून त्यांना भांडारात बसायचं होतं. परत आल्यावर त्यांनी भट्टीचे जाड हातमोजे झटकले आणि नव्या माणसासाठी खुंटीला अडकवून ठेवले.

सुट्टीची घंटा झाली. फाटकाबाहेर पडून दादा सवयीने एकटेच पुढे निघाले.

"अहो, थांबा," मागून हाक आली. कारखान्याच्या दारात ही हाक आम्ही कधी ऐकली नव्हती. दादाही क्षणभर वळले नाहीत.

वहिनींनी भरभर चालत त्यांना गाठलं आणि रस्ता ओलांडायला त्यांचा हात धरला. आता त्यांनी सोबत घरी जायला काहीच हरकत नव्हती.