सवतीचं नाव

"मेली तरी सवतच आडवी आली मला!"

आशाबाई बांधावरून अशी किंचाळली की शेजारच्या वावरात आमची आल्याची खोदणी थांबली.

तिचा नवरा सोमनाथ बजाजनगरला कंपनीत होता. सुट्टी असली की पडेगावच्या आल्याच्या वावरात राबायचा. पोळ्याच्या आधी छातीत कळ आली आन गेला. त्याचा विमा उतरवणारा बुद्धभूषण आज तिच्या घरला निघाला, तर वावरातच गाठ पडली.

"वैनी, विम्याला नाव मेघावैनीचं हाय. म्या सोमनाथभाऊला कितींदा म्हणलं, बदलून घ्या. करू की, म्हणायचे."

मेघा सोमनाथची पहिली बायको. लेक अपेक्षा रांगत होती तवाच काविळीनं गेली. मंग आशाबाई आली. तिची कूस काय उजवली नाय, पर घर तिनंच उभं केलं.

"म्हंजी पैसा बुडला व्हय?" तिचा भाऊ फकिरा मधीच बोलला.

"बुडतो कशाला? नाव लावलेलं माणूस आधी गेलं की पैसा वारसांचा. बायको आन लेक, दोघी बरोबरीच्या. कोर्टातून वारस दाखला काढा."

"लेकीचं नाव सांगायचंच कशाला?" फकिरा हळूच म्हणला.

आशाबाई नाय म्हणली नाय. मातीकडं बघत धुमसत राहिली. "मी त्याचं दुखणं-खुपणं काढायचं, आन ह्याच्या मनात तीच! आता तिच्या लेकीला बी वाटा?"

सारं ऐकत उभ्या अपेक्षानं आल्याची पाटी खाली टेकवली.

"मावशी, तुला राग येईल म्हणून बाबानं माझ्या आईचा फोटो मामाकडं पाठवून दिला. माझ्या आईचं तोंड कसं व्हतं, मला ठावं नाय. तुला एका नावाचं इतकं लागलं?"

आशाबाई खाली बसली आन ओल्या मातीतलं आलं उपसत राहिली, लई वेळ. मंग भावाला म्हणली, "फकिरा, तू तुझ्या गावाला जा."

कोर्टात वारस कोण म्हणून इचारलं, तर तिनं आधी अपेक्षाचं नाव सांगितलं, मंग सोताचं.

येताना दोघी मेघाच्या भावाकडं गेल्या. फोटू बघून आशाबाई एवढंच म्हणली, "नाकी-डोळी नीटस व्हती की सटवी."

आता सोमनाथच्या फोटूशेजारी भिंतीवर मेघाचा बी फोटू हाय. हार दोघांना सारखाच. मेघाचा खिळा मातर आशाबाईनं सोमनाथपासनं चांगला हातभर लांब ठोकला.